शंभरापासून उलटं

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात, दुसऱ्या माळ्यावर,
भूल देनारी पोरगी म्हने, मावशी,
शंभरापासून उलटं मोजा.
तोंडावर रबरी मास्क.
सायकलच्या नव्या ट्यूबचा वास.

मी म्हनलं, बाई,
तेवीस वर्सं झाले तेंदूचे पानं मोजते मी.
सत्तर पानाचा पुडा, पळसाच्या वाकानं बांधलेला,
शंभर पुडे अन् वरून पाच सुटीचे.
अंधारातबी बोटं चुकत नाईत माहे.
पन उलटं?
उलटं मोजाचं काम आजवर कोनी सांगतलंच नाई.

ती हासली असन. डोळे तेवढे बारीक झाले.
मोजा, म्हने.

शंभर.
नव्यान्नव.
अठ्ठ्यान्नव म्हनता म्हनता वाक सुटला.

पुडा उकलला हातातल्या हातात
अन् एक पान उठलं,
जशी कोनी नाव घेऊन हाक मारली त्याले,
गेलं बोडीच्या पारीवरून सरळ कोसबीच्या रानाकडे.
मंग दुसरं. मंग पुडेच्या पुडे.
फळीवर वाळत घातलेल्या रांगा
पंगत उठते तशा उठल्या.
दिवानजी रिकाम्या फळीवर वही धरून उभा,
वहीतले आकडेबी
मुंग्यावानी वळीनं निंगून चालले.

मी पानाच्या मांगं मांगं, अनवानी,
मे महिन्याची पहाट, चारचा सुमार,
डोक्यावरचं गाठोडं हलकं हलकं होत जाते.
जिथून खुडलं तिथंच जाऊन चिकटे एकेक पान,
अन् झुडूप म्हने, हं, हे माहंच.
मोहाखाली अस्वलीन बसली होती.
पाय आखडून तिनं मले वाट देली.
म्हने, मोजनी चालू हाये, बोलू नोको.

पुढं पारबता भेटली.
पान तोडता तोडता सापानं नेली ते पारबता.
ओट्यात अजून त्याच दिवसाचे पानं, हिरवेकंच.
म्हने, माहे लिहिले का व दिवानजीनं?
त्या दिवसाचे चाळीस पुडे?

नव्हते लिहिले.
बाई मेली त्या सांजेले वही कोन उघडते.
मी म्हनलं, लिहिले व, चाळीसवर दोन.
सपनातबी खोटं बोलली मी.
तिनं ओटा झटकला,
अन् तिचेबी पानं गेले झाडाले.

फुलवंताबाई, डोळे उघडा, झालं.
गालावर कोनाच्या तरी थापट्या.
घसा असा कोरडा,
जशी रातभर कोनाशी भांडली.
मी इचारलं, किती उरले?
सिस्टर म्हने, काय?
तिले सांगाले गेली तं उलटी झाली.

पोरगा म्हने, दोन घंटे लागले, माय.
दोन घंटे.
अठ्ठ्यान्नवच्या पुढं मी होती कुठं,
हे कोनाच्या वहीत लिहिलं असन?
भूलवाली पोरगी सांजेले आली, नाडी पाहून म्हने,
जाग येताना तुमचे बोटं हालत होते, मावशी,
काई बांधत होत्या का?

सोडत होती, मी म्हनलं.
तिनं कागदावर काईतरी लिहिलं. हे नसन लिहिलं.

डॉक्टरनं पित्ताचे खडे देले, औषदाच्या बाटलीत,
हिरवे-काळे, तुरीच्या दान्याएवढे.
म्हने, सतरा निंगाले.
कागदावरबी सतरा.

रातच्याले, सारा वार्ड घोरत असताना,
पोटाचे टाके सांभाळत उठून बसली,
बाटली चादरीवर ओतली,
झिरोच्या बल्बात मोजले.
सुलटे.
एकोनीस.
परत मोजले.

दोन त्यानं सुटीत धरले असतीन.